'द पीनट बटर फाल्कन' : मैत्रीच्या या सिनेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा मी आजवर इतक्या जणांच्या गळ्यात मारलाय की त्यानंतर येणारे प्रश्नही आता पाठ झालेत. माझा एकतीस वर्षांचा मावसभाऊ डाउन सिंड्रोम असलेला आहे. त्यामुळे प्रश्न सिनेमावरून सुरू होतात आणि फिरून आमच्या घरात येतात. दोन्हीकडची उत्तरं एकाच ठिकाणी लिहून टाकतो. गोष्टीतलं बरंच काही इथे फुटणार आहे, शेवट तेवढा राखलाय.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्स भागात, खाडी, दलदल आणि वाळूच्या पट्ट्यांचा मुलूख आहे. तिथल्या एका वृद्धाश्रमात झॅक नावाचा बावीस वर्षांचा मुलगा राहतो. त्याला डाउन सिंड्रोम आहे, मागेपुढे कुणी नाही, म्हणून सरकारने त्याला म्हाताऱ्यांच्यात नेऊन ठेवलंय. तो दिवसरात्र एका जुन्या पैलवानाची व्हिडिओ कॅसेट बघतो. त्या पैलवानाच्या शाळेत जायचं आणि कुस्तीगीर व्हायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात आहे.

एका रात्री खोलीतला म्हातारा सोबती त्याला खिडकीचे गज वाकवून देतो. झॅक अंगाला बुळबुळीत काहीतरी चोपडून, नुसत्या चड्डीवर, गजांतून निसटतो आणि एका होडीत लपून बसतो. होडी असते टायलरची. टायलर खेकडे धरून पोट भरणारा, भाऊ गमावलेला, दुसऱ्यांच्या सापळ्यांतला माल उचलणारा आणि शेवटी रागाच्या भरात त्यांचं सामान पेटवून पळत सुटलेला माणूस. पुढचा सिनेमा म्हणजे या दोन फरारी माणसांचा प्रवास, आधी पायी आणि मग तराफ्यावरून. त्यांच्या मागावर वृद्धाश्रमातली एलेनॉर, आणि टायलरच्या जिवावर उठलेले दोघे.

खऱ्या घटनेवर आहे का?

गोष्ट रचलेली आहे. सिनेमा कसा झाला ती गोष्ट मात्र खरी, आणि माझ्या मते पडद्यावरच्या गोष्टीच्या तोडीची.

टायलर निल्सन आणि मायकल श्वार्ट्झ या सिनेमाच्या दोघा लेखक-दिग्दर्शकांची, झॅकचं काम करणाऱ्या झॅक गॉटसेगनशी ओळख झाली ती 'झेनो माउंटन फार्म' या संस्थेच्या शिबिरात. अपंग आणि अपंग नसलेली माणसं तिथे एकत्र राहतात, नाटक-सिनेमे करतात. झॅक मूळचा फ्लोरिडाचा, लहानपणापासून नटच व्हायचं ठरवून बसलेला. मला सिनेमात मोठं काम करायचंय, असं त्याने या दोघांना सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बाबा, तुझ्यासारख्यांसाठी तशा भूमिका लिहिल्याच जात नाहीत. झॅकचं म्हणणं पडलं, मग तुम्ही लिहा.

दोघांच्या खिशात तेव्हा फार काही नव्हतं. निल्सन काही काळ तंबूत राहत होता. त्यांनी पटकथा लिहिली, नमुन्यादाखल छोटी फिल्म केली आणि ती घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवले. मुख्य भूमिकेत कुणी नावाजलेला नट घ्या, हा सल्ला वाटेत मिळालाच. त्यांनी ऐकलं नाही. सिनेमा पूर्ण झाला, मार्च २०१९मध्ये साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे प्रेक्षक पुरस्कार घेऊन आला. ऑगस्टमध्ये मोजक्या थिएटरांत लागला आणि तोंडोतोंडी पसरत एकट्या अमेरिकेत २ कोटी डॉलरच्या वर गेला. एवढ्याशा बजेटच्या सिनेमासाठी ही कमाई मोठीच.

झॅकचं काम करणाऱ्याला खरंच डाउन सिंड्रोम आहे का? मग तो अभिनय म्हणायचा का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसरा प्रश्न ऐकला की माझं डोकं थोडं सणकतं. पुण्यात वाढलेल्या नटाने पुणेकराची भूमिका केली तर 'हा तर मुळात तसाच आहे' असं म्हणून आपण त्याचं श्रेय काढून घेतो का?

अभिनय बघायचा असेल तर अगदी सुरुवातीचा प्रसंग बघा. वृद्धाश्रमाच्या जेवणघरात झॅक शेजारच्या आजीला आपलं पुडिंग देऊन टाकतो. हा सौदा आहे. आजी घशात घास अडकल्याचं नाटक करते, सगळे तिच्याकडे धावतात आणि झॅक दाराकडे सुटतो. दोन मिनिटांत पकडलाही जातो. पण त्याआधी पुडिंग सरकवताना त्याच्या चेहऱ्यावर जो कटवाल्याचा गंभीरपणा आहे, तो शिकवून येत नाही.

२०२०च्या ऑस्कर सोहळ्यात गॉटसेगन आणि टायलर झालेला शाया लबफ यांनी मिळून एक पुरस्कार जाहीर केला. ऑस्करच्या मंचावरून पुरस्कार देणारा डाउन सिंड्रोम असलेला तो पहिलाच माणूस. बोलताना झॅकला क्षणभर वेळ लागला, लबफ हसला, आणि तो त्याची थट्टा करतोय का यावर सोशल मीडियावर रात्रभर काथ्याकूट चालला. झॅकला विचारावं असं त्यातल्या फार थोड्यांना सुचलं.

डाउन सिंड्रोम हा आजार आहे का? बरा होतो का?

आजार नाही, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्न येत नाही. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. सुमारे ९५ टक्के जणांमध्ये प्रत्येक पेशीत पूर्ण तिसरी प्रत असते, उरलेल्यांत थोडे वेगळे प्रकार. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यानुसार जगात साधारण १००० ते ११०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं. तीन प्रती आणि एकविसावं गुणसूत्र, म्हणून जागतिक डाउन सिंड्रोम दिवस २१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या एकवीस तारखेला.

नाव पडलं जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरावरून, ज्याने १८६६मध्ये या लक्षणांचं वर्णन लिहिलं. गुणसूत्राचं कारण कळायला १९५९ उजाडावं लागलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं आयांना 'गरोदरपणी काय खाल्लंस, ग्रहणात चिरलंस का' हे ऐकावं लागलं. मावशीला तर त्यानंतरही कित्येक वर्षांनी ऐकावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

निम्म्याच्या आसपास बाळांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. थायरॉइड, कान, डोळे यांच्याकडे आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. हृदयावरच्या शस्त्रक्रिया सुधारल्या, मुलं संस्थांऐवजी घरी वाढू लागली, आणि अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पंचविशीच्या आसपास असलेलं सरासरी आयुर्मान आता साठीला पोचलंय. वर्षं वाढली, तसा ती कुणाच्या संगतीत काढायची हा प्रश्नही मोठा झाला. सिनेमा याच प्रश्नावर आहे.

त्याला काय म्हणायचं? मतिमंद, गतिमंद, विशेष मूल, दिव्यांग?

त्याचं जे नाव असेल ते.

नाव पुरत नाही तिथे, म्हणजे फॉर्म भरताना किंवा डॉक्टरांशी बोलताना, 'डाउन सिंड्रोम असलेला' किंवा 'बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती' म्हणा. 'मतिमंद' हा शब्द जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतो, पण आता तो शिवीसारखा वापरला जातो, म्हणून टाळा. 'मंगोल' तर कधीच नको. वंशाच्या खुळचट कल्पनेतून आलेला तो शब्द शास्त्रज्ञांनी १९६१मध्ये टाकून द्यायला सांगितला आणि मंगोलिया देशाने हरकत घेतल्यावर १९६५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सोडला.

आणि एकतीस वर्षांच्या माणसाला 'विशेष मूल' म्हणू नका. तो रोज दाढी करतो.

सिनेमात यावर एक खटका आहे. टायलर एलेनॉरला सुनावतो की तू झॅकला मंदबुद्धी म्हणणं थांबव. ती चिडते, मी तो शब्द कधीच वापरलेला नाही. टायलरचं म्हणणं असं की शब्द वापरला नसशील, पण हे तुला जमणार नाही, ते तुला झेपणार नाही, असं दिवसभर सांगतेस, ते आणि हे एकच. मावशीने हा प्रसंग माझ्याकडून दोनदा मागे घेऊन पाहिला. काही बोलली नाही.

ही खरी मैत्री आहे की टायलरला आलेली दया?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि हा सिनेमा मला का आवडतो त्याचं उत्तर यातच आहे.

दया असती तर टायलरने पहिल्याच दिवशी झॅकला खांद्यावर हात टाकून जवळ घेतलं असतं. तो उलट त्याला टाळायला बघतो. मग वाटेत एक पोरगा झॅकला पाण्यात उडी मारायला डिवचत असतो आणि झॅकला तर पोहता येत नाही. ते दिसल्यावर टायलर मध्ये पडतो आणि त्याला सोबत घेतो. घेतो तेही अटी घालून: माझा खोळंबा करायचा नाही, आणि म्होरक्या मी. सामान झॅकनेही उचलायचं. पुढे टायलर परीक्षा घेतल्यासारखं विचारतो, पहिला नियम काय? तर झॅक म्हणतो, पार्टी!

मध्ये पाण्याचं एक रुंद पात्र पार करायचं असतं. झॅकला पोहता येत नाही हे माहीत असूनही टायलर दोरी बांधून त्याला पाण्यात उतरवतो. अर्ध्यात पोचतात तोवर एक मोठी मासेमारीची बोट अंगावर येते. दोघं कसेबसे वाचतात. पालक म्हणून हा प्रसंग बघताना जीव मुठीत येतो, आणि टायलर बेजबाबदार आहे हे खरंच आहे. पण बावीस वर्षांत झॅककडून कुणी काही मागितलेलंच नसतं. ओझं उचल, गप्प बस, चल, थांब, पोहायला शिक, यातलं काहीच नाही. त्याला सगळे फक्त देत आलेले, औषध, जेवण, टीव्हीचा रिमोट. टायलर मागतो. सांभाळणारा आणि मित्र यांच्यात मला दिसणारा फरक एवढाच.

मागितलं की देणंही सुरू होतं. एका निवांत क्षणी झॅक टायलरला सांगतो की माझ्या वाढदिवसाच्या सगळ्या इच्छा मी तुला देऊन टाकणार. केक कापताना मनात मागायच्या त्या इच्छा. ज्याच्या मालकीचं काहीच नाही असा माणूस आपल्याजवळची एकुलती ठेव देतोय. आणि घेणारा असा की ज्याच्या हातून गाडी चालवताना सख्खा भाऊ गेला. त्याला त्या इच्छांची गरज झॅकपेक्षा जास्त आहे.

पडद्यामागेही ते दोघं मित्र होते का?

होते. २०१७च्या उन्हाळ्यात जॉर्जियात शूटिंग चालू असताना लबफला सव्हॅनामध्ये दारूच्या नशेत गोंधळ घातल्याबद्दल अटक झाली. सिनेमा बुडण्याची वेळ आली. झॅकने त्याला तोंडावर सांगितलं की तू आधीच प्रसिद्ध आहेस, ही माझी संधी आहे आणि तू ती घालवतोयस. त्यानंतर आपण दारू सोडण्याच्या वाटेला लागलो, याचं श्रेय लबफने जाहीरपणे झॅकला दिलंय. लबफचं पुढचं आयुष्य सरळ गेलं असं नाही. २०२०च्या शेवटी त्याच्या आधीच्या जोडीदारणीने छळाचा आरोप करून त्याच्यावर दावा लावला. तेव्हा 'झॅकने त्याला सुधारलं' अशी गोड गोष्ट कुणी सांगू लागलं तर जरा दमाने घ्या. एका मित्राने दुसऱ्याला खडसावलं, एवढं मात्र घडलं.

एलेनॉर खलनायिका आहे का?

छे. डकोटा जॉन्सनने केलेली एलेनॉर म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण. तिचा झॅकवर जीव आहे. तो पळून गेल्यावर ती स्वतः गाडी काढून त्याला शोधायला निघते. तिची चूक एवढीच की तिला त्याची सुरक्षितता हवी असते आणि तिची व्याख्या ती एकटीच करते.

मावशीने भावाला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत एकट्याने रस्ता ओलांडू दिला नाही. ती चूक होती का? आमच्या चौकातली वाहतूक बघितलीत तर तुम्हीही पटकन हो म्हणणार नाही.

तरुण मुलाला वृद्धाश्रमात ठेवतात हे पटत नाही. असं होतं का?

झालेलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये 'ओल्मस्टेड' खटल्यात निकाल दिला की समाजात राहू शकणाऱ्या अपंग माणसांना विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. तो खटला जॉर्जियातल्याच दोन बायकांचा होता, आणि हा सिनेमाही जॉर्जियातच चित्रित झाला.

आपल्याकडे कथा उलटी. इथे मूल घरात असतं आणि आईबाप म्हातारे होतात. 'आमच्यानंतर याचं काय?' हे वाक्य मी पालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकलंय. कायद्यात थोडा आधार आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते, आणि त्याच न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक महत्त्वाची पायरी चढली: 'मर्यादित पालकत्व', म्हणजे निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, तिच्यासह घ्यायचा. कागदावर तरी झॅकला विचारायची सोय झाली.

कुस्ती कशासाठी? विनोदासाठी?

ही आपली लाल मातीतली कुस्ती नव्हे. नव्वदच्या दशकात आपण ज्यांची पत्त्यांसारखी कार्डं जमवायचो, उंची आणि वजनावरून एकमेकांची कार्डं जिंकायचो, ती डब्ल्यूडब्ल्यूएफ जातीची कुस्ती. त्या जमान्यातले जेक 'द स्नेक' रॉबर्ट्स आणि मिक फोली सिनेमात आहेत. ज्यांच्या घरी ती कार्डं होती त्यांनी हे दोघं ओळखले की टाळी वाजते.

या कुस्तीत प्रत्येक जण स्वतःचं नाव आणि रूप स्वतः ठरवतो. जन्मापासून दुसऱ्यांनी लावलेलं लेबल घेऊन फिरणाऱ्याला याहून मोठं आकर्षण काय असणार? रात्री शेकोटीशी पीनट बटर खाता खाता, ते तोंडाला फासून झॅक आपलं नाव मिळवतो. सिनेमाचं नाव तिथून आलंय.

मुलांना दाखवावा का?

अमेरिकेत पीजी-१३ आहे. शिव्या आहेत, बंदूक आहे, दारू आहे, एक-दोन ठिकाणी मारहाण अंगावर येते. तेरा-चौदाच्या पुढे खुशाल दाखवा, सोबत बसून.

सिनेमात खटकलं काय?

दोन गोष्टी. टायलर आणि एलेनॉरचं प्रेमप्रकरण शिवणीतून बाहेर आलेल्या अस्तरासारखं दिसतं. ते नसतं तरी सिनेमा उभा राहिला असता. दुसरं जास्त गंभीर. अपंग पात्र येतं आणि धडधाकट नायकाचं मन स्वच्छ करून देतं, हा जगभरच्या सिनेमांचा जुना साचा. हा सिनेमाही त्याच्या काठाकाठाने चालतो. वाचतो तो झॅकमुळे, कारण झॅकला टायलरला सुधारण्यात काडीचा रस नाही. त्याला कुस्ती शिकायचीय.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि या सिनेमाच्या पाच वर्षं आधीचं. महेश लिमये दिग्दर्शित 'यलो' (एप्रिल २०१४). डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा, आणि मोठेपणीची गौरी स्वतः गौरीनेच केलेली. आईच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी, प्रशिक्षक उपेंद्र लिमये. एकसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमाला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, शिवाय गौरी आणि तिचं लहानपण साकारणारी संजना राय यांचा खास उल्लेख झाला. तो मैत्रीचा सिनेमा नाही, आईचा, मामाचा आणि पाण्याचा आहे. पण 'अशा कलाकाराला घेऊन सिनेमा कसा करणार' हा प्रश्न आपल्याकडे २०१४मध्येच सुटला होता, हे आपणच विसरतो.

आमच्या सोसायटीत डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे. मैत्री कशी करू?

आधी त्याच्याशी बोला, त्याच्याविषयी नको. आम्ही हॉटेलात गेलो की वेटर मला विचारतो, 'यांना काय आणू?' भाऊ समोरच बसलेला असतो, मेन्यू हातात धरून. मी आता उत्तरच देत नाही, पाणी पीत बसतो. मग वेटर गडबडतो, त्याच्याकडे वळतो आणि भाऊ शांतपणे सांगतो, साबुदाणा वडा, दही वेगळं. उत्तर यायला चार-पाच सेकंद जास्त लागतात. तेवढे द्या.

ओरडून बोलू नका, बोबडं बोलू नका. बोललेलं कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवू नका, परत विचारा. त्याला कंटाळा येऊ शकतो, तो नाही म्हणू शकतो, तुम्ही त्याला आवडणार नाही असंही होऊ शकतं.

आणि खेळात त्याला हरवा. लहानपणापासून मी भावाशी कॅरम खेळताना मुद्दाम हरत आलो. राणी घेतली की कव्हर चुकवायचो. तीन वर्षांपूर्वी माझा कॉलेजातला एक मित्र घरी आला, त्याला हे काही ठाऊक नव्हतं. बोरिक पावडर भुरभुरून बसला आणि त्याने भावाला सरळ तीन डाव हरवलं. वर 'अंगठ्याने काय मारतोस रे, बोट वापर' असं सुनावलंही. भावाने स्ट्रायकर भिरकावला, आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मला चहाही नकोसा झाला.

पुढच्या रविवारी मी बोर्ड काढला तर भाऊ माझ्यासमोर बसायलाच तयार होईना. खिडकीशी उभा होता.

"तो कधी येणार?"

"कोण तो?"

"तो. जिंकणारा."